अक्काच्या डाव्या हाताखाली

सकाळी पूजेच्या वेळी अप्पा फोनला हात लावत नाहीत. फोन वाजत राहतो आणि आई स्वयंपाकघरातून ओरडते, "पूजेला बसलेत, मागून करा!" जणू पलीकडच्याला ते ऐकू जाणार आहे. त्यामुळे हैदराबादच्या खोलीत ऑफिसला निघायच्या गडबडीत असताना त्या वेळी फोनवर अप्पांचं नाव दिसलं, तेव्हा मी तो लगेच उचलला नाही. काय असेल ते मला कळलं होतं आणि थोडा वेळ ते मला नको होतं. उचलला तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, "ये बाई." मागं कुणाचाही आवाज नव्हता. आमच्या घरात सकाळी इतकं शांत कधीच नसतं.

अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण, माझी आत्या. नाव महानंदा, पण कर्नाटकाच्या सीमेवरच्या आमच्या कोहिनूर गावात तिला सगळे अक्काच म्हणायचे, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. तिला अफजलपूरकडे दिलं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि इकडं माझी आजी वारलेली, अप्पा अजून शाळेत. अक्का माहेरी आली ती कायमची. तिनं अप्पांना वाढवलं, त्यांचं लग्न लावलं, आणि आई घरात आल्यावर स्वयंपाकघर दोघींचं झालं. पुढं तिनं कडक भाकरीचा धंदा सुरू केला. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि चुलीच्या धगीला उभी करून पापडासारखी कडक करायची. तिच्या भाकऱ्या बसवकल्याणच्या दुकानांत जायच्या, गुलबर्ग्याच्या खानावळीत जायच्या. (पाटीवर आता कलबुर्गी आहे, आमच्या तोंडात अजून गुलबर्गाच.)

मी बिदरच्या इंग्रजी शाळेत, हॉस्टेलला. सुट्टीत घरी यायचे तेव्हा पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. कुठल्या भाषेत बोलायचं हेच आधी ठरत नसे. अक्काला ते चालायचं. ती स्वतः कामापुरतं बोलायची. मी चुलीशेजारी बसायचे आणि ती मोडकी भाकरी शेंगदाण्याच्या चटणीसकट माझ्या हातात द्यायची. "खा. इंग्रजीत खा," म्हणायची. एवढंच. पण दिवसभर मला कुठं बसायचं हा प्रश्न सुटायचा.

चुलीच्या आधी तिची पूजा असायची. आम्ही बसवण्णांना मानणारे. आमच्यात प्रत्येकाचं आपापलं इष्टलिंग असतं, लहानपणी गळ्यात येतं ते जन्मभर अंगावरच राहतं. अक्काचं चांदीच्या छोट्या डबीत, दोऱ्यात ओवलेलं. आंघोळ झाली की ती भिंतीला टेकून बसायची, डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायची, उजव्या हातानं पाणी, विभूती, एखादं कण्हेरीचं फूल वाहायची, आणि मग नुसती त्याच्याकडे बघत राहायची. तो डावा हात तेव्हा हात वाटायचाच नाही. देव्हाराच होता तो. पूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा घोटसुद्धा घ्यायची नाही. ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत होती, आणि नंतर नेमकी हीच गोष्ट आम्ही सगळे विसरलो.

दोन-अडीच वर्षांमागं एका सकाळी भाकरी थापताना ती आईला म्हणाली, "पीठ लई चिकटायलंय गं हाताला." आईनं बघितलं तर पीठ नेहमीसारखंच होतं, हातच उचलत नव्हता. मग तोंड वाकडं झालं. अंगावरून वारं गेलं, असं गावात म्हणतात. गुलबर्ग्याला नेलं तेव्हा मीही हैदराबादहून थेट तिकडेच पोचले. मेंदूचा फोटो काढायचा तर अंगावर धातूचं काही चालत नाही. नर्सनं बांगड्या, कुड्या आणि ती चांदीची डबी काढून अप्पांच्या हातात दिली. अप्पांनी बांगड्या आईकडे दिल्या. डबी मात्र स्वच्छ रुमालात गुंडाळून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात धरूनच दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिले.

जीव वाचला. डावा पाय हळूहळू टेकायला लागला, बोलणं जड पण कळण्यासारखं होतं. डाव्या हाताची मात्र मूठ वळली ती वळलीच. घरी आणल्यावर आईनं बांगड्या, कुड्या परत घातल्या. मी घरूनच काम करायची परवानगी घेऊन राहिले.

तिला आम्ही काय काय करू दिलं नाही! आई तिला भरवायची. केस विंचरून द्यायची. उजवा हात चांगला होता, तरी पाण्याचा तांब्या तिच्या तोंडाला आम्हीच लावायचो. भाकऱ्यांचं काम बंद केलं, म्हणजे तिला बघून वाईट वाटायला नको. बघायला येणारे म्हणायचे, "अक्का, आता राणीवानी बसून खायचं बघ. लई केलीस जन्मभर." अक्का छताकडे बघायची. शेजारच्या चाँदबी खाला तेवढ्या वेगळं बोलल्या. दारातूनच ओरडल्या, "क्या अक्का, कब तक सोते जी? तुम्हारी रोटी नै तो मेरा दामाद मेरेकू घर में नै लेरा!" अक्काच्या ओठाचा उजवा कोपरा जरासा हलला. पण त्या गेल्यावर तिनं तोंड भिंतीकडे केलं.

ती खात नव्हती. सकाळी तर अजिबातच नाही. "भूक न्हाई," एवढंच. दुपारी दोन घास, तेही आईनं डोळ्यांत पाणी आणलं म्हणून. व्यायाम शिकवायला मुलगी यायची, तिच्यासमोर अक्का हात सैल सोडून द्यायची, तो हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. दिवसा झोपायची. रडायची नाही. रडली असती तर आम्हाला कळलं तरी असतं. आई म्हणायची औषधं उष्ण पडलीत, कुणी म्हणालं नजर लागली, अप्पा म्हणायचे, "आशक्तपणा हाय, भरंल." आमच्या घरी बोलतो त्या मराठीत याला आजार म्हणता येईल असा शब्दच नव्हता. मन लागत नाही, एवढंच म्हणायचो, आणि मन काय, आज नाही तर उद्या लागेल.

पुढच्या तपासणीला गुलबर्ग्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला, पाय उचलायला लावला आणि मग विचारलं, "दिवसभर काय करता?" आईनं उत्तर दिलं, "काही न्हाई, आम्ही करूच देत न्हाई." बाई आईकडे बघून हसल्या आणि पुन्हा अक्कालाच विचारून थांबल्या. खूप वेळ थांबल्या. अक्का म्हणाली, "बसते..." बाईंनी अजून काही विचारलं, झोपेचं, भुकेचं, जगावंसं वाटतं का ते. शेवटच्या प्रश्नाला अक्का आपल्या वळलेल्या मुठीकडे बघत राहिली, आणि अप्पा उठून बाहेर गेले.

बाईंनी आम्हाला समजावलं की असल्या झटक्यानंतर पुष्कळांना हे होतं, याला डिप्रेशन म्हणतात, हा त्याच दुखण्याचा भाग आहे, हट्ट किंवा आळस नव्हे. त्यांनी एक गोळी लिहून दिली. तिचा गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाल्या. "आणि त्यांना जमतं ते त्यांना करू द्या. त्यांना काय हवं ते त्यांनाच विचारा."

परतीच्या वाटेवर अप्पा गाडीत चिडले होते. "डोक्याची गोळी? माझ्या अक्काचं डोकं सगळ्या गावात चांगलं हाय." मी मागच्या सीटवरून म्हणाले, "अप्पा, बीपीची घेते तशीच ही. रक्तासाठी ती, मनासाठी ही." एवढं मोठं वाक्य मी अप्पांपुढे क्वचितच बोलले असेन. हुमनाबादला गाडी थांबवून गोळ्या त्यांनीच आणल्या.

गोळी सुरू झाली. तांब्या तिच्या उजव्या हातात दिला, तो तिनं धरला. झोप जरा लागायला लागली. पण सकाळ तशीच. आणि एक गोष्ट मी बरेच दिवस बघत होते. तिचा उजवा हात वारंवार छातीशी जायचा, पदराखाली काही चाचपायचा आणि रिकामा खाली यायचा. डॉक्टरांना मी सांगितलं होतं, त्यांनी छाती तपासली, सगळं ठीक होतं.

मी सोप्यात, दाराशी लॅपटॉप घेऊन बसायचे. तिथून एकीकडे अक्काची खाट दिसायची, दुसरीकडे देवघर. अप्पा रोज स्वतःची पूजा झाली की देव्हाऱ्यातल्या चांदीच्या डबीला विभूती लावायचे, बेलाचं पान वाहायचे, बारकी घंटा वाजवायचे. त्या सकाळी घंटा वाजली आणि अक्काचा हात छातीशी गेला. रिकामा खाली आला. तिनं तोंड भिंतीकडे केलं... डबी देव्हाऱ्यात होती. ती दवाखान्यातून आली तेव्हापासून तिथंच होती, आणि मी रोज ती बघत होते.

मी तिच्या खाटेवर जाऊन बसले. कसं विचारायचं ते मला नीट जमत नाही, म्हणून सरळच विचारलं. "अक्का, तुझं लिंग आणून देऊ का?"

तिनं माझ्याकडे मान वळवली. मग जड जिभेनं म्हणाली, "आणून... काय करू? धरू कशात?"

"गळ्यात तरी घाल."

"काढलाव न्हवं तुमी?" ती म्हणाली. "जित्या माणसाच्या गळ्यातलं काढत न्हाईत गं. मी म्हणलं, डाक्टरनं सांगितलं आसंल ह्येंना. मी गेलेलीच हाय... माती तेवढी द्यायची राहिलीया. मग खाऊ कामून?"

हे ती रागानं बोलली नाही. पाऊसपाण्याचं बोलावं तसं बोलली. इतके महिने ती असं समजून पडून होती, आणि आम्ही तिच्या उशाशी डाळिंबाचे दाणे सोलत बसलो होतो.

मी देवघरात जाऊन अप्पांना सांगितलं. ते पाटावर तसेच बसून राहिले. "आगं, मी तर जपून ठिवलो..." ते म्हणाले. "हात उघडंना तिचा. तिच्या हातातून लिंग पडलं आसतं तर? तिनं सोताला माफ केली आसती का? म्हणलं बरी झाली की घालंल. पूजा एक दिवस चुकू दिलो न्हाई मी तिची." शेवटचं वाक्य ते दोनदा म्हणाले. मग ते उठले, देव्हाऱ्यातली डबी घेतली आणि अक्काच्या खाटेशी जाऊन खाली जमिनीवर बसले. अप्पांना मी कुणापुढं असं जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"अक्का, मी जपून ठिवलो व्हतो गं."

अक्कानं डबीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "जत्रंतली माझी शिट्टी..." ती थांबत थांबत म्हणाली, "ती बी तू आशीच जपून ठिवला व्हतास. येकदा बी वाजवू दिला न्हाईस."

आई दारात उभी होती. तिला हसू आलं आणि त्याबरोबरच हुंदका. अप्पांनी दोरा अक्काच्या गळ्यात घातला. डबी पदराखाली गेल्यावर तिनं तिच्यावर उजवा हात ठेवला आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी तिला आंघोळ घालून भिंतीशी टेकवून बसवलं. डावा हात कोमट पाण्यात धरला, व्यायामवाल्या मुलीनं शिकवलं होतं तसं एकेक बोट हळूच उघडलं. कोपराखाली उशी ठेवली. तरी हात थरथरत होता आणि बोटं पुन्हा मिटायला बघत होती. तेव्हा अप्पा तिच्या बाजूला बसले आणि स्वतःचा उजवा तळहात तिच्या तळहाताखाली घातला, अंगठ्यानं तिचा अंगठा धरून ठेवला. आई समोर पदर पसरून बसली, न जाणो पडलं तर. अक्कानं उजव्या हातानं लिंग काढून त्या हातावर ठेवलं. लिंग एकदा कललं. अप्पांनी खालून हात किंचित उचलला आणि ते सावरलं.

"केवढा जड हात गं अक्का तुझा," अप्पा कुजबुजले. पूजेत बोलायचं नसतं.

"तुला थापून घातल्यात... त्या भाकऱ्यांचं वजन हाय," अक्का म्हणाली, आणि विभूती घेतली.

त्या सकाळी तिनं अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. त्यानंतर सगळं नीट झालं असं मात्र नाही. मध्ये आठवडेच्या आठवडे ती पुन्हा गप्प व्हायची, सणाला घर भरलं की जास्तच. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली, मग तिचं प्रमाण वाढवलं. एकदा "बरी झाले आता" म्हणून तिनं गोळी परस्पर बंद केली आणि आम्हाला ते तिच्या सकाळच्या ताटावरूनच कळलं. पण अप्पांचा हात रोज होता. ते बाहेरगावी गेले की आईचा. आणि हळूहळू आम्ही तिच्या हातातून काढलेलं एकेक तिला परत करत गेलो. आधी लसूण, मग चटणीचा खलबत्ता. मग एक दिवस तिनं परात मागितली. डावा हात नुसता काठावर ठेवून ती उजव्या हातानं भाकरी थापायला लागली. पहिली भाकरी बघून अप्पा म्हणाले, "ही भाकरी हाय का कर्नाटकाचा नकाशा?" अक्का म्हणाली, "मग बिदरपास्नं खायला लाग." धंदा काही पूर्वीसारखा झाला नाही. पण चाँदबी खालांच्या जावयाची सोय झाली, आणि त्या गल्लीभर सांगत फिरल्या की त्यांच्या ओरडण्यानंच अक्का उठली. अक्कानं त्यांचं कधी खोडून काढलं नाही.

शेवटचा झटका मोठा होता. सकाळी, पूजेच्या आधी. आंघोळीचं पाणी काढलेलं तसंच राहिलं... मी पोचले तेव्हा तिला विभूती लावून, फुलं घालून बसवलेलं होतं. आमच्यात बसवूनच नेतात आणि बसवूनच माती देतात. लिंग डाव्या हातावर ठेवतात. अप्पा तिच्या बाजूला बसून होते, उजवा हात तिच्या हाताखाली. खुर्चीवर बसवून, हातांवर धरून शेताकडे नेतानाही ते तसेच चालत होते, तो हात न काढता. ट्रॅक्टर नको म्हणाले. खड्ड्याशी पोचल्यावर विधी करणारे स्वामी हळूच म्हणाले, "शरणप्पा, सोडा आता."

अप्पा म्हणाले, "पडंल."

"आता न्हाई पडत," स्वामी म्हणाले. तरीही अप्पांनी लगेच सोडला नाही. मी बायकांच्या घोळक्यातून बघत होते. त्यांनी आधी अंगठा उचलला, मग एकेक बोट, अक्काची बोटं उघडायचे तसंच सावकाश.

याला आता काही आठवडे झाले. मी पुन्हा थोडे दिवस घरून काम करते आहे. खाट अंगणात नेली आहे, भिंतीशी ती कोपराखालची उशी मात्र कुणी उचललेली नाही. अप्पा स्वतःची पूजा आटोपतात, लिंग डबीत घालतात, आणि उठत नाहीत. त्या उशीजवळ सरकून बसतात. उजवा हात तिच्यावर ठेवतात, तळवा वर करून. डोळे मिटलेले. आई तेवढा वेळ भांडीसुद्धा वाजवत नाही.

मी कुणाला सहसा हात लावत नाही. अप्पांना तर लहानपणानंतर नाहीच. काल मी लॅपटॉप बाजूला ठेवला, त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि माझा डावा हात त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. अंगठा तेवढा माझ्या अंगठ्यावर आला.

"लई हलका हाय," अप्पा म्हणाले. मग थोडं थांबून, "भाकऱ्या थापत जा जरा."

आई आतून परात काढत होती.